टिपणीसांचा चौकोन

"अजून एक सीझन बिगिनर्समध्येच काढ, लव्ह," ऑड्रीने मायक्रोफोन तोंडापासून बाजूला धरून प्रताप टिपणीसांना सांगितलं. मायक्रोफोन बाजूला धरला होता, बंद केला नव्हता. त्यामुळे ही खाजगी बाब फक्त टिपणीसांना, त्यांच्या पत्नीला, चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या चौदा जणांना आणि बाहेर गाडी लावत असलेल्या एका गृहस्थाला कळली. त्या गृहस्थाने आत आल्या आल्या टिपणीसांच्या खांद्यावर हात ठेवला आणि "नो वरीज, मेट" म्हटलं. कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही, आणि टिपणीसांनीही विचारलं नाही.

टिपणीस आजवर कुठल्याही परीक्षेत नापास झालेले नव्हते. सांगलीला इंजिनियरिंगला फर्स्ट क्लास. व्हिसासाठी इंग्रजीची परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात नऊपैकी आठ बँड. नागरिकत्वाच्या परीक्षेत वीसपैकी वीस, आणि त्याचा कागद अजूनही पाकिटात, घडीवर घडी पडून फाटायला आलेला. असा माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी, गुंगालिन नावाच्या उपनगरातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये, डावीकडे वळ आणि उजवीकडे वळ एवढाच ज्याचा अभ्यासक्रम आहे अशा विषयात गटांगळ्या खात होता. त्यांच्याबरोबर शिकायला लागून पास झालेल्यांमध्ये एक ब्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या. त्यांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं होती.

स्क्वेअर डान्स ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायला हवं. चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. समोर स्टेजवर एक माणूस मायक्रोफोन घेऊन उभा असतो, त्याला कॉलर म्हणतात; या हॉलची कॉलर ऑड्री. तो गाण्याच्या ठेक्यावर हाका देतो आणि आठही जण ती हाक ऐकून तसं करतात. पुढची हाक कुठली, हे कुणालाच माहीत नसतं. एक जण चुकला की आठही जणांचा चौकोन मोडतो. मोडलेल्या चौकोनातून निघून जायची सोय नाही, तसं करणं फार असभ्य समजतात. सगळ्यांनी जिथल्या तिथे उभं राहून, कुणाकडेही न बघता, गाणं संपायची वाट बघायची. टिपणीसांमुळे अशी वाट बघितलेल्या लोकांची संख्या आता तीसच्या वर गेली होती.

आणि हे सगळं सुरू केलं होतं लीनाने. मुलगी रुचा युनिव्हर्सिटीत शिकायला मेलबर्नला गेली तेव्हा लीना म्हणाली, आता दोघांनी मिळून काहीतरी करू या. टिपणीसांना वाटलं सोफा बदलायचा असेल. निघाला डान्स. चार महिन्यांत लीना पुढच्या पातळीवर गेलीसुद्धा. त्या पातळीला 'प्लस' म्हणतात, आणि प्लसवाल्यांचा वार गुरुवार. टिपणीसांचा मंगळवार. एकत्र काहीतरी करायचं म्हणून सुरू केलेल्या या उपक्रमामुळे नवरा-बायको आता आठवड्यातून दोन संध्याकाळी एकमेकांना दिसत नव्हते.

तेवढ्यावर भागलं असतं, पण गुरुवारी ऑस्वाल्ड असायचा.

ऑस्वाल्ड लोपीस वसईचा. हॉस्पिटलात फार्मासिस्ट, अंगाने सडपातळ, आणि पाय असे की जमिनीला लागल्याचा आवाज येत नसे. त्याची बायको एमिली हीच त्याची नेहमीची जोडीदार, पण मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती हॉलच्या भिंतीलगत खुर्चीवर पाय लांब करून बसू लागली. इकडे लीनाचा जोडीदार मंगळवारात अडकलेला. ऑड्रीने दोन उरलेली माणसं जोडून टाकली. ऑस्वाल्ड उद्धट असता, निदान थोडा चावट तरी असता, तर टिपणीसांना त्याच्यावर रीतसर चिडता आलं असतं. पण तो दर वेळी विचारायचा, "प्रताप, तुझी हरकत नाही ना रे?" आणि वर घरी केलेला केक द्यायचा. केक चांगला असायचा. टिपणीसांना तेही सहन होत नसे.

ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातल्या एका हॉलमध्ये प्लसवाल्यांचा मोठा मेळावा होता. तिथे रिवाज असा की जोडीने एकाच कापडाचे कपडे घालायचे, बाईचा घेरदार स्कर्ट आणि पुरुषाचा शर्ट. लीनाने पुण्याहून येताना खणाचं जांभळं कापड आणलं होतं, दोघांना पुरेल इतकं. त्यातला स्कर्ट जूनमध्येच शिवून झाला. शर्ट मात्र कुठे दिसला नव्हता, आणि तो कुणाच्या मापाचा होणार हा प्रश्न टिपणीसांच्या डोक्यात मशीनसारखा घरघरत होता. टिपणीसांचं माप चव्वेचाळीस. ऑस्वाल्डचं अडतीस, तेही जेवल्यावर.

"प्रताप," लीना एकदा स्वयंपाक करता करता म्हणाली, "त्या शर्टाचं मी असं ठरवलंय की—"

"ऑस्वाल्डच्या मापाचा शिव," टिपणीस म्हणाले. "माझी अजिबात हरकत नाही."

लीनाने हातातला झारा तसाच धरून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होती, पण नुसतीच "बरं" म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की बायकोचं वाक्य अर्ध्यातच कळतं, असं टिपणीसांचं मत होतं. उरलेलं अर्धं ते स्वतःच पुरं करत. लीनाची किती वाक्यं त्यांनी अशी पुरी केली होती याची गणती नाही. त्यांच्या मते त्यामुळे वेळ वाचायचा.

ऑड्री ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी दुपारी चाचणी घेणार होती. एका गाण्यात चौकोन मोडू दिला नाही तर प्लसमध्ये प्रवेश. हातात नऊ आठवडे होते. टिपणीसांनी आयुष्यात नऊ आठवड्यांत काय काय पास केलं होतं! त्यांनी इथे तेच केलं जे सांगलीला केलं होतं. मागचे पेपर गोळा केले.

म्हणजे असं की, त्यांनी फोन खिशात ठेवून सहा मंगळवार ऑड्रीच्या हाका रेकॉर्ड केल्या. मग घरी बसून त्या एकेक करून एक्सेलमध्ये उतरवल्या. सरकारी खात्यात कंत्राटावर हेच काम ते गेली अकरा वर्षं करत होते: कुठल्या कागदानंतर कुठला कागद येतो याच्या आकृत्या काढायच्या. एक हजार दोनशे हाकांनंतर त्यांना सत्य गवसलं. ऑड्री 'दो-सी-दो' म्हणाली की त्यानंतर शंभरातल्या त्र्याहत्तर वेळा 'स्विंग', म्हणजे जोडीदाराला धरून गरगर फिरा, असं म्हणते! त्यांनी सगळ्या संभाव्य हाकांचा अपेक्षित प्रश्नसंच तयार केला, लॅमिनेट केला आणि बाथरूमच्या आरशाशेजारी लावला. दाढी करता करता पाठांतर सुरू झालं.

मंगळवारी त्याची प्रचिती आली. ऑड्रीने 'दो-सी-दो' म्हटलं, टिपणीस समोरच्या बाईंभोवती पाठीला पाठ देऊन फिरले, आणि ऑड्रीने पुढच्या हाकेसाठी तोंड उघडायच्या आत त्यांनी त्या बाईंना स्विंगसाठी धरलंसुद्धा. शंभरातल्या त्र्याहत्तर वेळा ते बरोबर होते, आणि इतरांपेक्षा दोन सेकंद आधी. उरलेल्या सत्तावीस वेळा सात माणसं एका दिशेने जात आणि टिपणीस, मंगळवारी मदतीला येणाऱ्या त्याच ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना घेऊन, दुसऱ्या दिशेने.

"तू ऐकत नाहीस, प्रताप," एमिली खुर्चीवरून म्हणाली. घरी कंटाळा येतो म्हणून ती मंगळवारीही हॉलवर येऊन बसू लागली होती. "ऑड्रीने हाक द्यायच्या आधीच तुझा पाय निघालेला असतो. मला इथे बसून दुसरं कामच नाही रे, मी मोजते. आज एकोणीस वेळा."

"मी तयारी करून येतो," टिपणीस म्हणाले.

"तेच तर."

स्वतः नाचत नसलं की माणसाला थिअरी फार कळते, असं टिपणीसांनी मनात म्हटलं. प्रश्न ऐकण्याचा नव्हताच. प्रॅक्टिकल कमी पडत होतं. घरी सराव हवा होता. लीना घरी सरावाला उभी राहीना. "तू मला आधीच सांगतोस पुढे काय ते," म्हणाली, आणि खाली बसून शिवलेल्या स्कर्टाला लेस लावू लागली. हॉल भाड्याने घ्यायला गेले तर त्यांना अकरा पानांचा फॉर्म मिळाला. त्यात जोखमीचं मूल्यमापन लिहायचं होतं आणि दोन कोटी डॉलरचा सार्वजनिक दायित्वाचा विमा जोडायचा होता. आपल्या एकट्याच्या नाचण्याने दोन कोटींचं नुकसान होऊ शकतं, या कल्पनेने ते क्षणभर सुखावलेसुद्धा. पण फॉर्म परत केला.

मग त्यांचं लक्ष बिन्सकडे गेलं.

घरोघरी कचऱ्याच्या चाकांच्या बिन्स असतात, एक कचऱ्याची आणि एक रिसायकलिंगची. माणसाच्या छातीपर्यंत उंची, मागे धरायला दांडा, आणि पुढची हाक काय यावर स्वतःचं मत नाही. टिपणीसांना याहून चांगले जोडीदार मिळाले नसते. घरच्या दोन होत्या. समोरच्या धवल शहाने दोन दिल्या, कारण तो सगळ्यांना सगळंच देतो आणि वर सल्ला देतो. "प्रतापभाई, गरबा में भी यही होता है," तो म्हणाला. "तुम्ही फक्त कमर ढिली सोडा." शेजारच्या जॅनेटने दोन दिल्या. जॅनेट चाळीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेली आणि आता तेच काम गल्लीपुरतं मोफत करणारी बाई. तिने विचारलं, कशासाठी? टिपणीस म्हणाले, व्यायामासाठी. तिने बिन्स दिल्या, पण डायरीत वेळ लिहून घेतली. सातवी बिन गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या घरासमोरची. सात बिन्स आणि आठवे टिपणीस, असा चौकोन पुरा झाला.

ओळखायला सोपं जावं म्हणून त्यांनी प्रत्येक बिनवर कागद चिकटवला आणि नाव लिहिलं. मराठीत लिहिलं, म्हणजे गल्लीत कुणाला वाचता येणार नाही. घरची कचऱ्याची बिन हाताशी पहिली होती म्हणून ती झाली 'लीना'. धवलची रिसायकलिंगची झाली 'ऑस्वाल्ड'.

ऑगस्टच्या एका रविवारी दुपारी, तापमान सहा अंश, टिपणीसांनी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून गल्लीच्या बंद टोकाशी असलेल्या गोल जागेत बिन्स मांडल्या आणि फोनवर ऑड्रीचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या मिनिटातच एक अडचण समोर आली, जी आराखड्यात नव्हती. बिन्स आपापल्या हलत नाहीत. ऑड्री एक हाक द्यायची, ती टिपणीसांना आठ वेळा करावी लागायची, एकदा स्वतःची आणि सात वेळा इतरांच्या वतीने. दोन तासांत साडेतीन मिनिटांचा नाच झाला. पण चौकोन एकदाही मोडला नाही! टिपणीसांना घाम फुटला होता, दम लागला होता, आणि वीस वर्षांत झाला नव्हता इतका आनंद झाला होता.

आनंदाच्या भरात त्यांनी 'लीना'ला स्विंग दिला. गल्लीला थोडा उतार आहे. 'लीना' 'ऑस्वाल्ड'वर आदळली, आणि 'ऑस्वाल्ड' जॅनेटच्या हिरवळीवर आडवा होऊन त्याच्या पोटातलं सगळं बाहेर आलं. त्यात वाइनच्या बाटल्या होत्या एकवीस. धवल शहा आपल्या मंडळात गेली चार वर्षं व्यसनमुक्तीवर भाषणं देतो.

जॅनेट दारात येऊन उभी राहिली आणि तिने बाटल्या मोजल्या. धवलची बायको दारात आली, तिनेही मोजल्या. दोघींचा आकडा जुळला. सगळ्यात शेवटी धवल आला. त्याने बाटल्यांकडे पाहिलं नाही, वर बघून आकाशाबद्दल काहीतरी बोलला आणि आत गेला. पण दुपारभर तो खिडकीतून व्हिडिओ काढत होता, हे टिपणीसांना संध्याकाळी कळलं. तो व्हिडिओ 'गुंगालिन देसीज' नावाच्या ग्रुपवर तीनशे बारा माणसांनी पाहिला. बाटल्यांचा भाग त्याने कापला होता. उरले होते फक्त कानटोपी घातलेले टिपणीस, एका कचऱ्याच्या बिनला कमरेत हात घालून फिरवताना. बिनवर मराठीत लिहिलेलं नाव त्याने गोल करून दाखवलं होतं. धवल लहानपणी मुलुंडला वाढलेला, हे टिपणीस साफ विसरले होते.

मेलबर्नहून रुचाचा फोन आला. "बाबा, आर यू ओके? लाइक, मेंटली?"

"प्रॅक्टिस करत होतो."

"विथ द बिन? अँड यू नेम्ड इट आफ्टर मम्मा?"

फोन ठेवून टिपणीस स्वयंपाकघरात गेले. लीना टेबलापाशी बसून तोच व्हिडिओ बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हीच काळजीची गोष्ट होती.

"कचऱ्याची?" ती म्हणाली. "निदान रिसायकलिंगची तरी."

"हाताशी पहिली तीच होती," टिपणीस म्हणाले, आणि बोलून झाल्यावर त्यांना कळलं की हे सांगायला नको होतं.

लीनाने फोन उलटा ठेवला. मग म्हणाली, "बरं ऐक, तो शर्ट—"

"कळलं. ऑस्वाल्डला दे. मी त्या लायकीचाच नाही."

"बरं," लीना म्हणाली.

प्रकरण इथे थांबलं असतं तर त्याला मध्यमवर्गीय प्रकरण म्हणता आलं नसतं. अंधार पडल्यावर टिपणीसांनी शरमेने घाईघाईत बिन्स परत केल्या, आणि कागद काढून टाकल्यावर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. प्रत्येक बिनवर नंबर असतो आणि तो नंबर सरकारदरबारी त्या त्या घराच्या नावावर असतो, ही माहिती त्यांना जॅनेटकडून मिळाली, तिने तक्रार नोंदवल्यानंतर. जॅनेटच्या बिनमध्ये टिपणीसांच्या घरातली फोडणीची मिरची आणि डाळीची सालं होती, टिपणीसांच्या बिनमध्ये धवलच्या त्याच बाटल्या, आणि रिकाम्या घराच्या बिनमध्ये, कुणाला कारण सांगता येईना, जॅनेटचे कुत्र्याचे केस. दुरुस्तीचा फॉर्म ऑनलाइन होता. सर्व संबंधित घरमालकांच्या सह्या हव्या होत्या, रिकाम्या घराच्या मालकाचीही. तो कुठे असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. 'बिन जागेवरून हलण्याचे कारण' या रकान्यात चार पर्याय होते: चोरी, वारा, तोडफोड, इतर. टिपणीस प्रामाणिक माणूस. त्यांनी 'इतर' निवडलं आणि पुढच्या जागेत लिहिलं, 'नृत्य'.

दोन दिवसांनी अ‍ॅरन नावाच्या अधिकाऱ्याचा फोन आला. टिपणीस तेव्हा ऑफिसात मीटिंगमध्ये होते.

"मेट, एक खात्री करायची होती," अ‍ॅरन म्हणाला. "इथे 'डान्स' लिहिलंय. ते बरोबर आहे?"

"बरोबर आहे," टिपणीस हळू आवाजात म्हणाले.

"बिन्स... नाचत होत्या?"

"मी नाचवत होतो."

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला. "मी 'वारा' लिहितो," अ‍ॅरन शेवटी म्हणाला. परक्या देशात इतक्या प्रेमाने कुणी आपल्याशी वागलं नव्हतं, असं टिपणीसांना वाटलं. तरी दोन बिन्स शेवटपर्यंत जुळल्या नाहीत. आजही जॅनेटच्या एका बिनवर 'ऑस्वाल्ड'च्या कागदाचा चिकटपट्टीचा डाग आहे.

अशी अब्रू गमावून टिपणीस ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी चाचणीला निघाले. प्रश्नसंच तोंडपाठ होता. निघताना लीना म्हणाली, "कपाटात बघ जरा, तिथे—"

"ऑस्वाल्डचा शर्ट आहे. मी बघणार नाही."

"बरं," लीना म्हणाली, आणि गाडीची किल्ली घेतली.

हॉलमध्ये एमिली आपल्या खुर्चीवर होती, ऑस्वाल्ड केक कापत होता. धवल सहकुटुंब आला होता. जॅनेट आली होती, डायरीसह. आणि ऑड्री स्टेजच्या खाली, गळ्याला मफलर गुंडाळून, एका मोठ्या दाढीवाल्या माणसाकडे बोट दाखवत होती. तिचा घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता. आज हाका देणार होता वेरिबीहून आलेला स्टीफन.

टिपणीसांनी मनात हिशेब केला. नऊ आठवडे, बाराशे हाका, लॅमिनेशन, एकवीस बाटल्या, आणि पेपर दुसऱ्याच बोर्डाचा! स्टीफनने आयुष्यभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले होते आणि बोलताना तो निम्मे शब्द दाढीतच ठेवायचा. चाचणीपुरती लीना टिपणीसांची जोडीदार म्हणून उभी राहिली. ऑस्वाल्ड त्याच चौकोनात, समोरच्या बाजूला, ब्याऐंशी वर्षांच्या बाईंबरोबर.

पहिलं गाणं सराव म्हणून होतं, ही देवाची कृपा. स्टीफनने 'दो-सी-दो' म्हटलं आणि टिपणीसांचा हात सवयीने स्विंगला गेला. स्टीफन दुसरंच काहीतरी म्हणाला होता. चौकोन मोडला. आठ माणसं जागच्या जागी उभी राहिली आणि जमिनीकडे बघत राहिली. संगीत चालू होतं. धवलने फोन काढला, मग बायकोकडे बघून परत ठेवला. टिपणीसांनी लीनाकडे पाहिलं नाही. पुढच्या गाण्यातही असंच झालं की आपण गुरुवारला, ग्लेन वेव्हर्लीला आणि जांभळ्या शर्टाला कायमचे मुकणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं, आणि आपल्याला त्याचं किती वाईट वाटतंय हे बघून ते स्वतःच दचकले. त्यांना नाचायचं नव्हतंच कधी. त्यांना लीनाबरोबर नाचायचं होतं.

दुसरं गाणं लागलं. टिपणीसांनी डोक्यात शोधलं, तिथे काहीच नव्हतं. सहा मंगळवारच्या बाराशे हाकांपैकी एकही या दाढीवाल्याच्या उपयोगाची नव्हती. मग ते एवढंच करू शकत होते: कान टवकारून त्याचे दाढीतले शब्द ओढून काढायचे. त्यात इतकी मेहनत होती की पुढचा विचार करायला जागाच उरली नाही. हाक आली, पाय गेला. हाक आली, हात गेला. कुणाचा तरी हात हातात आला, मग दुसऱ्याचा, मग एक ओळखीचा, सुईने टोचलेल्या बोटांचा. मध्येच स्टीफनने 'लोड द बोट' दिलं, प्लसची ती जीवघेणी हाक, ज्यात बाहेरचे चौघे बाहेरून फिरतात आणि आतले चौघे आत वेगळंच काहीतरी करतात. टिपणीस आत होते. त्यांनी काय केलं ते त्यांना आजही सांगता येत नाही. पण गाणं संपलं तेव्हा आठही जण आपापल्या जागी होते आणि समोरून ऑस्वाल्ड सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होता.

"झीरो!" एमिली भिंतीपासून ओरडली. "आज एकदाही नाही!"

ऑड्री जवळ आली. बसक्या घशाने, कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात, ती म्हणाली, "थर्सडे, लव्ह." यावेळी मायक्रोफोन जवळ नव्हता, याचं टिपणीसांना फार वाईट वाटलं.

परतताना गाडी टिपणीसांकडे होती. सूर्य मावळत होता आणि गवतावर आत्तापासूनच गारठा उतरत होता. गाडीने ट्रॅमचा रूळ ओलांडला. मग लीना म्हणाली, "त्या शर्टाचं—"

टिपणीसांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. नेहमीप्रमाणे दोन सेकंद आधी. त्यांनी तोंड मिटलं आणि थांबले.

लीनाही थांबली. बहुधा सव्वीस वर्षांच्या सवयीने तिला पुढचं बोलायला लागणार नाही असं वाटलं होतं. तिने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तो जूनमध्येच शिवून झालाय," ती म्हणाली. "चव्वेचाळीसचा. तीनदा सांगायला आले, तिन्ही वेळा तूच उत्तर दिलंस. मग म्हटलं, बघू या कधी विचारतोस."

"आणि ऑस्वाल्ड?"

"त्याचा शर्ट एमिली शिवते. दुसऱ्या बाईच्या कापडाचा ती त्याला घालू देईल असं वाटलं तुला?"

टिपणीसांनी यावर विचार केला. "आणि मी आज नापास झालो असतो तर?"

"तर तो शर्ट घालून तू एमिलीशेजारच्या खुर्चीवर बसला असतास," लीना म्हणाली, "आणि मी नाचले असते."

समोर गुंगालिनचा राऊंडअबाउट आला. तिसऱ्या फाट्याला घर, हे टिपणीसांना अकरा वर्षं माहीत होतं. ते आत शिरले. पहिला फाटा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. ते फिरत राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कान उजवे-डावे सगळे लीनाकडे. दुसऱ्या फेरीला मागच्या गाडीने हॉर्न दिला.

"प्रताप," लीना म्हणाली, "डावीकडे."

ते डावीकडे वळले.